क्लिफ बर्टन

क्लिफर्ड ली बर्टन तथा क्लिफ बर्टन (जन्म : १० फेब्रुवारी १९६२, कॅस्ट्रो व्हॅली, कॅलिफोर्निया, मृत्यू : २७ सप्टेंबर १९८६, दोरार्पनजीक, स्वीडन) हे अमेरिकन बेस गिटारवादक व संगीतरचनाकार होते. मेटॅलिका या हेवी मेटल संगीतसमूहाचे ते १९८२ च्या अखेरीपासून मृत्यूपर्यंत सदस्य होते. या अवधीत समूहाचे किल 'एम ऑल (१९८३), राइड द लाइटनिंग (१९८४) आणि मास्टर ऑफ पपेट्स (१९८६) हे तीन अल्बम प्रसिद्ध झाले. यांपैकी तिसऱ्या अल्बममध्ये युद्ध, व्यसन, धर्माचा बाजार आणि माणसाला बाहुल्याप्रमाणे नाचविणारी सत्ता हे विषय आहेत. राजकीय व सामाजिक आशय असलेल्या हेवी मेटल अल्बमांमध्ये त्याची गणना अग्रक्रमाने होते. त्याच्या प्रकाशनानंतर सात महिन्यांच्या आत, वयाच्या २४ व्या वर्षी, बर्टन यांचा बस अपघातात मृत्यू झाला.

प्रारंभिक जीवन

बर्टन यांचा जन्म सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील कॅस्ट्रो व्हॅली या गावी झाला. वडील रे बर्टन महामार्ग विभागात अभियंत्यांचे साहाय्यक होते, तर आई जॅन बर्टन विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवीत. तीन भावंडांत क्लिफ सर्वांत धाकटे होते. घरात संगीत ऐकण्याची आवड होती. क्लिफ यांना लहानपणीच पियानोचे धडे मिळाले आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताची ओळख झाली.

१९७५ साली थोरले बंधू स्कॉट यांचा मेंदूतील रक्तवाहिनी फुटून मृत्यू झाला. त्या वेळी क्लिफ १३ वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी बेस गिटार हाती घेतली आणि भावाच्या स्मरणार्थ या वाद्यात सर्वोत्तम होण्याचा निश्चय घरच्यांना बोलून दाखविला, अशी आठवण त्यांच्या आईने पुढे सांगितली. शिक्षकांकडील शिकवणीखेरीज ते दिवसाला चार ते सहा तास रियाज करीत. मेटॅलिकामध्ये नाव मिळाल्यावरही हा क्रम त्यांनी सोडला नाही. योहान सेबास्टियन बाख यांच्या रचनांचा त्यांनी अभ्यास केला. रश समूहाचे गेडी ली, ब्लॅक सॅबथचे गीझर बटलर, थिन लिझीचे फिल लायनॉट, मोटरहेडचे लेमी किल्मिस्टर आणि जॅझ वादक स्टॅन्ली क्लार्क या बेसवादकांचाही त्यांच्यावर प्रभाव होता.

१९८० साली कॅस्ट्रो व्हॅली हायस्कूलमधून शालान्त शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी हेवर्ड येथील शॅबो महाविद्यालयात प्रवेश घेतला. संगीत हाच व्यवसाय करण्याचा विचार त्यांनी मांडला, तेव्हा आईवडिलांनी त्यांना चार वर्षांची मुदत दिली. या काळात राहण्याजेवण्याचा भार घर उचलेल आणि तेवढ्यात जम बसला नाही तर उपजीविकेचा दुसरा मार्ग धरावा, असे ठरले. ही मुदत त्यांना पुरली.

आरंभीचे संगीतसमूह

शालेय वयात बर्टन ईझी स्ट्रीट या समूहात वाजवीत असत. तेथे गिटारवादक जिम मार्टिन आणि तालवादक माइक बॉर्डिन हे त्यांचे सहकारी होते. हे दोघेही पुढे फेथ नो मोअर या समूहातून प्रसिद्धीस आले. त्यानंतर बर्टन व मार्टिन यांनी एजंट्स ऑफ मिसफॉर्च्यून हा समूह काढला आणि १९८१ साली हेवर्डमधील स्थानिक संगीतस्पर्धेत भाग घेतला. त्या वेळचे चित्रीकरण उपलब्ध आहे. मेटॅलिकाच्या अल्बमांत पुढे आलेल्या दोन रचनांची बीजे त्यातील वादनात आढळतात.

१९८२ साली ते ट्रॉमा या समूहात दाखल झाले. या समूहाचे सच अ शेम हे गीत मेटल मॅसॅकर या संकलनमालेच्या दुसऱ्या भागात समाविष्ट झाले.

मेटॅलिका

प्रवेश

गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड आणि तालवादक लार्स उलरिक यांनी १९८१ साली लॉस एंजेलिस येथे मेटॅलिकाची स्थापना केली होती. १९८२ साली त्या शहरातील व्हिस्की अ गो गो या रंगमंचावर ट्रॉमाचा कार्यक्रम ऐकत असताना त्यांना एक दीर्घ एकलवादन ऐकू आले. हा वादक कोण म्हणून ते गिटारवादक शोधू लागले. प्रत्यक्षात ते वादन बर्टन यांच्या बेसचे होते. दोघांनी त्यांना आपल्या समूहात येण्याचे निमंत्रण दिले.

बर्टन यांनी लगेच होकार दिला नाही. ट्रॉमाचे संगीत अधिकाधिक व्यापारी वळणाचे होत चालल्याने ते असमाधानी होते, परंतु लॉस एंजेलिसमध्ये जाऊन राहण्याची त्यांची तयारी नव्हती. मेटॅलिकाने आपला मुक्काम सॅन फ्रान्सिस्को उपसागर परिसरात हलवावा, अशी अट त्यांनी घातली. एका बेसवादकासाठी संपूर्ण समूहाने शहर बदलले आणि १९८३ च्या प्रारंभी एल सेरिटो येथे बिऱ्हाड केले. बर्टन यांचा मेटॅलिकासोबतचा पहिला जाहीर कार्यक्रम ५ मार्च १९८३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील द स्टोन येथे झाला. स्थलांतराचा समूहाला लाभच झाला. अतिवेगवान वादनाची थ्रॅश मेटल ही शैली त्या वेळी याच परिसरात आकार घेत होती आणि तिला तेथे जाणता श्रोतृवर्ग मिळाला होता.

किल 'एम ऑल

पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण मे १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झाले. त्याच्या थोडेच आधी गिटारवादक डेव्ह मस्टेन यांना समूहातून काढण्यात आले होते आणि त्यांच्या जागी कर्क हॅमेट आले होते. अल्बमसाठी ठरविलेले मूळ नाव असभ्य असल्याने वितरकांनी नाकारले. त्यांच्याविषयी बर्टन यांच्या तोंडून निघालेल्या संतप्त उद्गारावरून नवे नाव ठेवण्यात आले. जुलै १९८३ मध्ये अल्बम प्रकाशित झाला.

यातील बहुतेक गीते बर्टन येण्यापूर्वीच तयार होती. त्यांची स्वतःची अशी एकच रचना त्यात आहे. अ‍ॅनेस्थेशिया (पुलिंग टीथ) हे बेसचे एकलवादन असून उत्तरार्धात त्याला ड्रमची साथ मिळते. रॉक संगीतात बेस गिटार हे खर्जातील वाद्य सहसा तालाला धरून पाया राखण्याचे काम करते. पदार्पणाच्या अल्बममध्ये त्या वाद्याला स्वतंत्र रचना मिळणे ही असाधारण गोष्ट होती.

राइड द लाइटनिंग

दुसरा अल्बम डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील स्वीट सायलेन्स स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. ध्वनिमुद्रणतज्ज्ञ फ्लेमिंग रासमुसेन हे त्याचे सहनिर्माते होते. जुलै १९८४ मध्ये तो प्रकाशित झाला. त्यातील आठपैकी सहा रचनांच्या श्रेयनामावलीत बर्टन यांचे नाव आहे.

या अल्बमपासून मेटॅलिकाचे विषय बदलले. पहिल्या अल्बममध्ये वेग, मैफल आणि तारुण्याचा जोश यांना प्राधान्य होते. आता अणुयुद्धातील परस्परविनाश, विजेच्या खुर्चीतील मृत्युदंड आणि स्पेनच्या यादवी युद्धावरील अर्नेस्ट हेमिंग्वे यांची कादंबरी हे गीतांचे विषय झाले. त्यामागे तत्कालीन परिस्थिती होती. रोनाल्ड रेगन यांच्या अध्यक्षपदाच्या काळात अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यातील शस्त्रस्पर्धा तीव्र झाली होती आणि १९८३ च्या अखेरीस पश्चिम युरोपात नवी अमेरिकन अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे तैनात होऊ लागली होती. व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस बंद झालेली सैन्यभरतीसाठीची नावनोंदणी १९८० साली पुन्हा सुरू झाली होती. १ जानेवारी १९६० रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या अमेरिकन तरुणांना ती बंधनकारक होती. मेटॅलिकाचे वादक आणि त्यांचे बहुसंख्य अमेरिकन श्रोते याच पिढीतील होते.

बदललेल्या आशयाला साजेसे संगीत घडविण्यात बर्टन यांचा वाटा मोठा होता. अणुयुद्धावरील पहिल्या गीताचा आरंभ तारांच्या शांत, अभिजात वळणाच्या वादनाने होतो आणि नंतर एकाएकी वेगवान आघात सुरू होतात. हेमिंग्वे यांच्या कादंबरीवर आधारित फॉर हूम द बेल टोल्स या गीताच्या प्रारंभी जी कर्कश सुरावट ऐकू येते ती गिटारची नसून बर्टन यांच्या बेसची आहे. शेवटची द कॉल ऑफ क्तुलू ही रचना शब्दविरहित आहे. एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांचे बर्टन हे चाहते होते आणि त्या कथांची गोडी समूहातील इतरांना त्यांच्यामुळे लागली.

अल्बमच्या प्रकाशनानंतर काही महिन्यांतच इलेक्ट्रा रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीने मेटॅलिकाशी करार केला.

मास्टर ऑफ पपेट्स

तिसऱ्या अल्बमचे ध्वनिमुद्रण सप्टेंबर ते डिसेंबर १९८५ या काळात पुन्हा कोपनहेगनच्या त्याच स्टुडिओत झाले. ३ मार्च १९८६ रोजी इलेक्ट्राने तो प्रकाशित केला. त्यात आठ रचना असून एकूण कालावधी सुमारे ५५ मिनिटे आहे.

या अल्बममध्ये कोणत्याही पक्षाचा वा नेत्याचा पुरस्कार नाही. माणूस स्वतःच्या इच्छेने वागतो की त्याची दोरी दुसऱ्या कोणाच्या हाती असते, हा प्रश्न त्यातील बहुतेक गीतांत निरनिराळ्या बाजूंनी येतो. शीर्षकगीतात अमली पदार्थ हाच मालक आहे आणि व्यसनी माणूस त्याचे बाहुले. डिस्पोजेबल हीरोज या गीतात कोवळ्या वयात आघाडीवर पाठविलेला सैनिक आहे. हुकूम देणाऱ्यांच्या लेखी तो वापरून फेकून देण्याची वस्तू ठरतो. लेपर मेसाया हे गीत भाविकांकडून पैसा उकळणाऱ्या दूरचित्रवाणी-धर्मोपदेशकांवर आहे, तर वेलकम होम (सॅनिटेरियम) मध्ये मनोरुग्णालयात डांबलेल्या माणसाची कैफियत आहे. मुखपृष्ठावर रांगेने उभे पांढरे क्रूस असलेली सैनिकी दफनभूमी दिसते. त्या क्रूसांना बांधलेल्या दोऱ्या लालभडक आकाशातील दोन हातांपर्यंत गेलेल्या आहेत. एका क्रूसावर सैनिकाचे शिरस्त्राण व दुसऱ्यावर ओळखपट्टी लटकत आहे.

गीतांचे शब्द प्रामुख्याने हेटफील्ड यांचे आहेत. बर्टन यांचे काम संगीतातील आहे आणि ऑरायन या साडेआठ मिनिटांच्या शब्दविरहित रचनेत ते सर्वाधिक ठळकपणे ऐकू येते. ही रचना हळूहळू जवळ येणाऱ्या नादाने सुरू होते. मध्यावर तिचा वेग थांबतो आणि एकट्या बेसच्या संथ चालीवर नवा भाग उभा राहतो. त्यावर दोन गिटारींच्या परस्परांशी मेळ साधणाऱ्या सुरावटी चढत जातात. तीत बर्टन यांनी वाजविलेले एकलवादन ऐकताना ते गिटारचेच असावे असा समज सहज होतो. अखेरच्या डॅमेज, इन्क. या गीताआधीचा धूसर प्रारंभ बेसच्या अनेक थरांनी बनलेला असून तो बाख यांच्या एका भक्तिगीतावरून सुचल्याचे सांगितले जाते.

या अल्बमसाठी चित्रफीत काढण्यात आली नाही आणि रेडिओनेही त्याची फारशी दखल घेतली नाही. तरीही बिलबोर्डच्या अल्बम यादीत तो २९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. मार्च ते ऑगस्ट १९८६ या काळात मेटॅलिकाने ओझी ऑस्बॉर्न यांच्या अमेरिकेतील दौऱ्यात पूर्वरंगाचे कार्यक्रम केले आणि त्यातून समूहाचा श्रोतृवर्ग अनेक पटींनी वाढला. नोव्हेंबर १९८६ मध्ये अल्बमला अमेरिकेत सुवर्ण मानांकन मिळाले. तोपर्यंत बर्टन हयात नव्हते.

वादनशैली

बर्टन बेस गिटार प्लेक्ट्रमने न वाजविता बोटांनी वाजवीत. थ्रॅश मेटलच्या वेगात हे अवघड मानले जाते. सुरुवातीच्या काळात ते रिकनबॅकर ४००१ आणि नंतर अलेम्बिक व आरिया या कंपन्यांची वाद्ये वापरीत. ध्वनी फाटका व भरीव करणारे डिस्टॉर्शन आणि स्वराला बोलका हेलकावा देणारे वॉ-पेडल ही साधने तोवर प्रामुख्याने गिटारवादकांची मानली जात. बर्टन यांनी ती बेससाठी सातत्याने वापरली. त्यामुळे त्यांचा बेस एकाच वेळी खर्जाचा पाया राखू शके आणि पुढे येऊन सुरावटही गाऊ शके.

समूहात संगीतशास्त्राचे पद्धतशीर ज्ञान सर्वाधिक बर्टन यांनाच होते. अनेक स्वर एकाच वेळी मेळविण्याची हार्मनीची तत्त्वे त्यांनी हेटफील्ड यांना समजावून दिली. दोन गिटारींनी वेगवेगळ्या स्वरांवर समांतर चालण्याची मेटॅलिकाच्या संगीतातील लकब याच शिकवणीतून पक्की झाली.

त्यांची राहणी साधी होती. समवयस्क वादक घट्ट कपडे घालीत असताना ते खाली रुंद होत जाणाऱ्या, जुन्या धाटणीच्या जीन्स वापरीत. त्यांवरून होणाऱ्या थट्टेकडे त्यांनी लक्ष दिले नाही.

श्रेयाविषयी

मास्टर ऑफ पपेट्स अल्बममधील आठपैकी शीर्षकगीत, ऑरायन आणि डॅमेज, इन्क. या तीनच रचनांच्या श्रेयनामावलीत बर्टन यांचे नाव आढळते. राइड द लाइटनिंगच्या तुलनेत ही संख्या निम्मी आहे. केवळ संख्येवरून त्यांचा वाटा घटला असा निष्कर्ष निघू शकतो. परंतु श्रेयनामावलीत सुरावट व शब्द कोणाचे एवढीच नोंद असते. रचनेची बांधणी, वेगवान भागांमधील विश्रांतीच्या जागा आणि सहवादकांना दिलेले शिक्षण यांची नोंद तेथे होत नाही. मेटॅलिकाच्या सदस्यांनी पुढील काळात हे ऋण वारंवार मान्य केले आहे.

अपघात व मृत्यू

सप्टेंबर १९८६ मध्ये मेटॅलिकाचा युरोप दौरा सुरू झाला. २६ सप्टेंबर रोजी स्टॉकहोमच्या सोल्नाहालेन सभागृहात झालेला कार्यक्रम बर्टन यांचा अखेरचा ठरला. मनगटाच्या दुखापतीमुळे काही आठवडे केवळ गायन करणाऱ्या हेटफील्ड यांनी त्या रात्री पुन्हा गिटार हाती घेतली होती. कार्यक्रमानंतर समूह बसने कोपनहेगनकडे निघाला. बसमधील झोपण्याच्या जागांबाबत त्या रात्री पत्ते ओढण्यात आले. बर्टन यांना इस्पिकचा एक्का आला आणि त्यांनी हॅमेट यांची जागा मागून घेतली, असे हॅमेट यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे.

२७ सप्टेंबरच्या पहाटे स्वीडनच्या दक्षिणेकडील ल्युंगबी परिसरात, दोरार्प गावानजीक बस रस्त्यावरून घसरली व उलटली. बर्टन खिडकीतून बाहेर फेकले गेले आणि बस त्यांच्या अंगावर पडली. त्यांचा जागीच मृत्यू झाला. इतर तिघे वादक किरकोळ जखमांवर बचावले.

रस्त्यावर साचलेल्या पातळ बर्फामुळे बस घसरल्याचे चालकाने सांगितले. हेटफील्ड यांनी त्याच वेळी त्या रस्त्यावर बरेच अंतर चालून पाहिले, पण त्यांना बर्फ आढळला नाही. पोलिसांच्या पाहणीतही रस्ता कोरडा असल्याचे दिसून आले. चौकशीअंती चालकावर गुन्हा शाबीत झाला नाही. अपघाताच्या कारणाबाबतचे मतभेद मिटलेले नाहीत.

७ ऑक्टोबर १९८६ रोजी कॅस्ट्रो व्हॅली येथे अंत्यविधी झाला. त्या वेळी ऑरायन ही रचना वाजविण्यात आली. नंतर त्यांच्या अस्थी कॅलिफोर्नियातील मॅक्सवेल रँच या त्यांच्या आवडत्या ठिकाणी विखुरण्यात आल्या.

मृत्यूनंतर

बर्टन यांच्या कुटुंबीयांच्या पाठिंब्याने मेटॅलिकाने काम सुरू ठेवले. ऑक्टोबर १९८६ मध्ये जेसन न्यूस्टेड यांची बेसवादक म्हणून निवड झाली. १९८७ साली बर्टन यांच्या कार्यक्रमांच्या चित्रीकरणांचे संकलन क्लिफ 'एम ऑल या नावाने प्रकाशित झाले.

१९८८ साली प्रकाशित झालेला ...अँड जस्टिस फॉर ऑल हा अल्बम राजकीय आशयाच्या दृष्टीने अधिक उघड आहे. न्यायव्यवस्थेतील भ्रष्टाचार, पर्यावरणाचा ऱ्हास आणि युद्धात अवयव गमावलेला सैनिक हे त्याचे विषय आहेत. त्यातील टू लिव्ह इज टू डाय ही रचना बर्टन यांनी मागे ठेवलेल्या सुरावटींवर आधारित असून तिच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव आहे. या अल्बममध्ये बेस जवळजवळ ऐकू येत नाही, अशी टीका प्रकाशनापासून होत आली आहे.

बर्टन हयात असताना ऑरायन रंगमंचावर संपूर्ण सादर झाली नव्हती. ३ जून २००६ रोजी जर्मनीतील रॉक आम रिंग महोत्सवात, म्हणजे प्रकाशनानंतर वीस वर्षांनी, मेटॅलिकाने ती प्रथमच पूर्ण वाजविली. अभिजात संगीताशी बर्टन यांनी जोडलेले नातेही पुढे चालू राहिले. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को सिंफनी या वाद्यवृंदासोबत सादर झालेल्या द कॉल ऑफ क्तुलूला २००१ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०१९ साली याच वाद्यवृंदातील प्रमुख डबल बेसवादक स्कॉट पिंगेल यांनी अ‍ॅनेस्थेशिया ही रचना सादर केली.

सन्मान व स्मारके

२००६ साली दोरार्पनजीक अपघातस्थळाजवळ स्मृतिशिला उभारण्यात आली. ४ एप्रिल २००९ रोजी मेटॅलिकाचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. त्या समारंभात बर्टन यांच्या वतीने वडील रे बर्टन उपस्थित होते. २०१६ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मास्टर ऑफ पपेट्स राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट केला. सांस्कृतिक महत्त्वामुळे जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या या संग्रहात निवडला गेलेला तो पहिला हेवी मेटल अल्बम होय. २०१८ साली अलामेडा काउंटीने १० फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिन क्लिफ बर्टन दिन म्हणून जाहीर केला.

मुलाच्या वाट्याला येणाऱ्या स्वामित्वधनातून रे बर्टन यांनी कॅस्ट्रो व्हॅली हायस्कूलमधील संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती दिली. रे बर्टन यांचे २०२० साली निधन झाले.

ध्वनिमुद्रिका

ट्रॉमा समूहासोबत
• सच अ शेम (मेटल मॅसॅकर, भाग २; १९८२)

मेटॅलिका समूहासोबत
• किल 'एम ऑल (१९८३)
• राइड द लाइटनिंग (१९८४)
• मास्टर ऑफ पपेट्स (१९८६)

मरणोत्तर
• क्लिफ 'एम ऑल (चित्रफीत संकलन, १९८७)
• टू लिव्ह इज टू डाय (रचनाश्रेय; ...अँड जस्टिस फॉर ऑल, १९८८)